मेलबर्नचा मुराळी

माझं माहेर दरवर्षी थोडं थोडं जवळ येत गेलं, ते कसं ते आधी सांगते.

लग्न होऊन मी तुकईथडला आले तेव्हा पहिल्या आखाजीला वडील मला न्यायला बैलगाडी घेऊन आले होते. पहाटे निघालेलो आम्ही जसोंडीला पोचलो तेव्हा घरोघरी दिवे लागले होते आणि माझ्या कमरेचा पार काटा ढिला झाला होता. पुढे वडील थकले आणि गिरधर, माझा धाकटा भाऊ, न्यायला येऊ लागला. आधी तो बसने यायचा, मग मोटारसायकल घेतली, आणि आता केळीची पिकअप आहे. जसोंडी होती तिथंच आहे, रस्ते फार सुधारले असंही नाही, पण दिवसभराच्या अंतरावरचं माहेर दीड-दोन तासांवर आलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. नुसत्या येत नाहीत, त्यांना आणावं लागतं. बापाने नाहीतर भावाने जायचं, सासरच्यांना विचारायचं आणि लेकीला घेऊन यायचं. या माणसाला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक घरात बसून राहते आणि शेजारणींना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळतो. मी आता साठी ओलांडलेली बाई आहे. शाळेत शिकवून निवृत्त झाले, मला नातवंडं आहेत, गुडघे दुखतात. तरी आखाजीला मी आपणहून जसोंडीला जाणार नाही. गिरधरने यायचं, आमच्या ह्यांना हात जोडून विचारायचं, हे "न्या, न्या, लवकर न्या" म्हणणार, आणि मग मी पिकअपमध्ये चढणार. असं ते आहे.

तर यंदा मी चढायचं नाही असं ठरवलं.

कारण चारू. चारुलता, गिरधरची एकुलती एक मुलगी. वर्षा, म्हणजे चारूची आई, गेली तेव्हा चारू नववीत होती. शाळेचे दिवस बापाकडे आणि सुट्टी माझ्याकडे, अशी ती वाढली. इंदूरला नर्सिंग केलं, कुठल्या कुठल्या परीक्षा दिल्या आणि मेलबर्नला गेली. गिरधरने तेव्हा अख्ख्या जसोंडीत पेढे वाटले. तिकडे तिला अमोल भेटला. अमोल आमच्याच बाजूचा, पेपर मिलच्या कॉलनीत वाढलेला. त्याचा बाप मिलमध्ये फिटर, हाही तिकडे एका कारखान्यात फिटर. इथं असताना दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तिकडे जाऊन सरकारी ऑफिसात सह्या करून लग्न केलं. मग घरी फोन केला.

मुलगा चांगला होता, आणि गिरधरची तक्रार मुलाबद्दल नव्हतीच. "तिनं मले सांगितलं, ताई. विचारलं नाही." हे एकच वाक्य तो दोन वर्षं चघळत होता. चारूचा फोन आला की तो वाजता फोन खुर्चीवर ठेवून बागेत निघून जायचा. हळूहळू ते फोन यायचे थांबले. मला मात्र ती दर रविवारी करायची आणि शेवटी हमखास विचारायची, "आप्पा कैसे हैं? काही बोलले का?" मी सांगायचे, "बोलले ना. केळीचा भाव पडला म्हणाले." ती हसायची, आणि मग थोडा वेळ तिचा आवाजच यायचा नाही. तो न येणारा आवाज ऐकून मला भावाचा असा राग यायचा की काय सांगू.

होळीच्या आधी गिरधर केळ्यांचा घड घेऊन आला, दरवर्षी येतो तसा. घड ओसरीवर टेकवला, चहा प्यायला, ह्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघताना म्हणाला, "आखाजीले चार दिस आधी येतो. तयार राह्य."

"येऊ नको," मी म्हणाले.

"काहून? तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काही धाड भरली नाही. तुझी लेक दोन आखाज्या तिकडे घरात बसून राह्यली, अन् मी म्हातारी पिकअपमधी बसून माहेरी मिरवू? मले लाज वाटते. आधी तिले आण, मंग मले."

गिरधरने टोपी काढली, झटकली, परत घातली. "तिले कोणी अडवलं हाय? दरवाजा खुला हाय."

"दरवाजा तर कुत्र्यालेही खुला असते. लेकीले आणाले जावं लागते."

"इतक्या लांब मुराळी जाते का कोणी?"

"किती लांब हाय?" मी आपलं त्याला तोडायला विचारलं.

"दहा हजार किलोमीटरले जरासं कमी," तो म्हणाला. "मुंबईहून. विमानाले साडेबारा तास लागते. तिकडचं घड्याळ आत्ता साडेपाच तास पुढे. एप्रिलमधी साडेचार होते."

मी बघतच राहिले. या माणसाला स्वतःच्या गॅसचा नंबर पाठ नाही. दोन वर्षं लेकीचं नाव तोंडातून न काढणारा माझा भाऊ फोनमध्ये डोकं घालून काय बघत बसतो, ते मला त्या दिवशी कळलं. मला एकदम भरून आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी आणखी जोरात भांडले.

"साडेबारा तास! अरे, तुझी केळी दिल्लीले जाते, तिले याच्या दुप्पट टाइम लागते. केळी पोचते अन् बाप पोचत नाही?"

त्याने चावी काढली. पिकअपमध्ये बसला, गाडी सुरू केली, वळणापर्यंत जाऊन थांबवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "अन् व्हिसा? व्हिसा काय दाजी देतीन का?"

तेव्हाच मी समजले की हा जाणार.

पासपोर्ट त्याच्याकडे होता. चारूनेच तिकडे जाताना तो काढायला लावला होता, एक दिवस तुम्हाला नेईन म्हणून. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत संतोष नावाच्या माणसाचं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे, त्याने व्हिसाचं सगळं पार पाडलं. तिकिटं काढायला मी सोबत गेले, कारण गिरधर एकटा गेला तर विमानाऐवजी दिल्लीचा ट्रक ठरवून येईल अशी मला धास्ती होती.

"जाना एक, आना एक?" संतोषने विचारलं.

"जाणं एक, येणं दोन," गिरधर म्हणाला.

"और रुकना कितने दिन?"

"एक रात."

संतोषने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, मेलबर्न है, खंडवा नहीं है."

"मंग? मुराळी लेकीच्या घरी किती राह्यते? रात काढायची अन् सकाळी निघायचं." गिरधरचा हिशेब सरळ होता. साडेबारा तास जाणं, साडेबारा तास येणं, मधली एक रात. आखाजीच्या आधी बापलेक घरात. संतोषने दोन-तीनदा सांगून पाहिलं की विमान उडतं तेवढेच साडेबारा तास, त्याच्या आधीचे आणि नंतरचे वेगळे. गिरधरने त्याच्यापुढे फोन धरला. फोनमध्ये साडेबारा तास असं स्वच्छ लिहिलेलं होतं. शेवटी संतोषने एका रात्रीच्या दोन केल्या, तेवढं मात्र बरं केलं.

चारूच्या पासपोर्टचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, तो मी दिला आणि तिचंही तिकीट निघालं. तासभर बसलो आम्ही बहीणभाऊ त्या दुकानात. चारूला खिडकी आवडते म्हणून खिडकीजवळची जागा घेतली. तिला विमानात थंडी वाजेल म्हणून शाल कोणती न्यायची यावरही वाद घातला. बाहेर पडताना गिरधर इतका खूश होता की त्याने मला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायला.

अमोलला मी त्याच रात्री फोन केला. "आप्पा येऊ राह्यले तुमच्याकडे. विमानतळावर गाडी घेऊन उभा राह्य. चारूले आत्ताच काही सांगू नको."

"आत्या, सच में?" त्याचा आवाज चिरकलाच. "पण आत्या, तिच्या ड्यूट्या—"

"ड्यूट्या चालत राह्यतात. तू गाडीचं बघ."

"हो आत्या," तो म्हणाला. कॉलनीतला मुलगा आहे, मोठ्यांपुढे तोंड चालवत नाही. हा त्याचा गुण मला पहिल्यापासून आवडतो. परतीची तिकिटं दोन आहेत हे मी त्याला सांगितलं नाही, कारण त्यात काही सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

गिरधर निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चारूच्या आवडीचे बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, कैऱ्या आणि स्वतःच्या बागेतली केळ्यांची एक फणी होती. चारूच्या हातात पडेल त्याच दिवशी पिकेल अशी ती फणी त्याने पारखून घेतली होती. बाग भिकनवर सोपवली. भिकन वीस वर्षं त्या बागेत राबतोय, पण गिरधरने त्याला सतरा सूचना दिल्या, आणि बुऱ्हाणपूर स्टेशनवरून फोन करून अठरावी दिली.

आता ते साडेबारा तास कसे गेले ते ऐका. मुंबईची गाडी उशिरा आली आणि आणखी उशिरा पोचली. विमानतळावर एक रांग सामानाची, एक शिक्क्याची, एक पट्टा आणि चपला काढून उभं राहायची. मग कळलं की विमानही उशिरा आहे. प्रत्येक ठिकाणाहून मला फोन. "ताई, अजून काही नाही." "ताई, चप्पल वापस दिली." "ताई, आत बसवलं हाय पण हे हलत नाही." शेवटचा फोन विमान सुटायच्या आधीचा. "ताई, बैलगाडी बरी होती वो," असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मग माझ्या भावाचा पत्ताच नाही. तो आभाळात असताना मी घरात धड एका जागी बसले नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

मेलबर्नला उतरल्यावर तिथल्या बाईने पिशवी उघडायला लावली. ताजी फळं आत नेता येत नाहीत म्हणाली. गिरधरला इंग्रजी जेमतेम, पण केळीबद्दल कोणी काही बोललं तर ते त्याला कुठल्याही भाषेत कळतं. त्याने एक केळं सोलून तिच्यापुढे धरलं, खाऊन तर बघ म्हणून. ती हसली, पण कैऱ्या आणि फणी कचऱ्याच्या डब्यात गेलीच. दशम्या आणि बिबडे तिने परत दिले. हे सगळं मला अमोलकडून कळलं. गिरधर त्या विषयावर अजून बोलत नाही.

तो उतरला त्याच दिवशी, आमच्याकडे सकाळचे दहा वाजायच्या सुमाराला अमोलचा फोन आला. तिकडे दुपार कलली होती. चारू सकाळीच कामावर गेलेली.

"आत्या, आप्पा सकाळी पोचले. पण ते घरात यायला तयार नाहीत. बाहेर पायरीवर बसलेत. पिशवीतली दशमी खाल्ली आणि विमानात मिळालेल्या बाटलीतलं पाणी प्यायले, ते पण संपलं. चहा दिला, नको. पाणी दिलं, नको. मेरे से कुछ गलती हुई क्या?"

मला हसू आलं. "तुझी काही गलती नाही, बाबा. लेकीले मूल होत नाही तोपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. जुनी रीत हाय. आत आला तर तू आग्रह करशीन, म्हणून बाहेर बसला. तुमच्या कॉलनीत नव्हतं का कोणी असं?"

"होते ना, माझे आजोबाच होते. पण ते दोन गल्ल्या सोडून राहायचे, आत्या. घरी जाऊन पाणी प्यायचे."

त्याचंही खरं होतं. ज्यांनी ही रीत घातली त्यांना लेकीचं घर मेलबर्नला असेल हे कुठं ठाऊक होतं. मी त्याला सांगितलं, पायरीवर बसू दे, हट्टी आहे तो, फक्त अंगावर काहीतरी पांघरूण घाल. आणि चारू फाटकात दिसली की मला व्हिडिओ लाव. विसरलास तर मी स्वतः तिकडे येईन, असंही बजावलं. या धमकीचा चांगला उपयोग झाला.

साडेअकराला फोन वाजला. अमोलने तो दाराशी कशाला तरी टेकवून ठेवला असावा. मला उघडं दार दिसत होतं, बाहेरची पायरी, आणि पायरीवर पाठमोरा गिरधर, डोक्यावर टोपी आणि अंगावर अमोलचं जाकीट. समोर लहानसं फाटक. चारू फाटकातून आत आली. निळे कपडे, खांद्याला पिशवी, दमलेला चेहरा. दोन पावलं चालली आणि तिने वर पाहिलं.

ती तिथंच थांबली. गिरधर उठला. "अगं बोल ना!" मी इकडून ओरडले, पण माझं ऐकतंय कोण.

"आप्पा," ती म्हणाली, "कोणाला काय झालं? आत्या बरी आहे ना?"

तिच्या मनात पहिलं तेच आलं. बाप इतक्या लांब आला म्हणजे नक्की कोणीतरी गेलं असणार.

"सारे बरे हायेत," गिरधर म्हणाला. "आखाजी हाय. न्याले आलो."

चारूच्या खांद्यावरची पिशवी खाली पडली. ती तशीच पुढे आली आणि पायरीवर बसून लहान मुलीसारखी रडायला लागली. गिरधरला हातांचं काय करावं ते कळेना. थोडा वेळ ते नुसतेच लोंबकळत राहिले, मग एक तिच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. मीही रडत होते. आमचे हे "काय झालं, काय झालं" करत आतून आले आणि फोनमध्ये बघून माझ्या शेजारी उभे राहिले.

इथंच सगळं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण गिरधरला रीत पुरी करायची होती. तो अमोलकडे वळला आणि त्याने हात जोडले.

"जावईबापू, लेकीले आखाजीले न्याले आलो. पाठवता का?"

"आप्पा, हात नका जोडू," अमोल घाईघाईने म्हणाला. "मी कोण पाठवणारा? तिलाच विचारा."

गिरधरला वाटलं जावई चांगल्या वळणाचा आहे, म्हणून असं नम्र बोलतोय. त्याने खिशातून घडी घातलेले कागद काढले आणि चारूच्या हातात दिले. "परवाची गाडी हाय," तो म्हणाला. विमानाला तो गाडीच म्हणतो. "तुले खिडकीजवळची सीट घेतली."

चारूने डोळे पुसून कागद वाचला. परत वाचला. तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखते, कारण तो मूळचा गिरधरचाच आहे.

"परवा? आप्पा, मला ड्यूटी आहे. सुट्टी खूप आधी मागावी लागते इथं. ऐसे कैसे निकल जाऊँ?"

"चार दिसाचा तर प्रश्न हाय."

"दिवसांचा प्रश्न नाहीये!" ती उभी राहिली. "तुम्ही तिकीट काढलं, तारीख ठरवली, सीटसुद्धा ठरवली. मला कोणी विचारलं? दो साल तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. का, तर मी सांगितलं, विचारलं नाही. आणि आज तुम्ही काय केलंत, आप्पा? तुम्ही पण सांगितलंच ना?"

लालबागेतलं ते दुकान माझ्या डोळ्यांपुढे आलं. खिडकी, शाल, उसाचा रस, सगळं आम्हाला सुचलं होतं. चारूला एक फोन करून विचारावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. अमोल सांगू बघत होता, तर त्यालाही मी गप्प केलं. मुराळी निघाला की लेक निघते, हेच आम्ही धरून चाललो. मला यायचंय का, असं वडिलांनी मला कधी विचारलं नाही. मला यायचंच असायचं, म्हणून ते विचारायचं असतं हे आमच्या घरात कोणाला कळलंच नाही.

गिरधर कागदाकडे बघत उभा होता. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. एकदा मंडीत एका व्यापाऱ्याने चारचौघांत वेडंवाकडं बोलून दाखवलं, तर हा भरलेली गाडी परत घरी घेऊन आला होता. तोंडावर कोणी बोललं की तो उत्तर देत नाही, उठतो आणि चालायला लागतो. आणि तसंच झालं. त्याने वाकून पिशवी उचलली. संपलं, मला वाटलं. आता हा पायी विमानतळाकडे निघेल, ही मुलगी पुन्हा कधी त्याचं नाव काढणार नाही, आणि याला इथून हुसकून पाठवणारी मीच.

गिरधरने पिशवी उचलली, आणि उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवली. मग बाहेर जाऊन चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या आणि घरात आला. अमोलने फोन आतल्या बाजूला वळवला.

"सुट्टी कधी भेटते?" त्याने विचारलं.

चारूचा राग अजून उतरला नव्हता. "आज मागितली तर पुढच्या महिन्याच्या दहा तारखेनंतर."

"तोपर्यंत आखाजी होऊन जाईन."

"हो. होऊन जाईल."

"जाऊ दे." तो थांबला. विहिरीत उतरायला, सापाला काठीने बाजूला करायला माझा हा भाऊ कधी घाबरला नाही. पण त्या वेळी तो घाबरलेला मला त्या एवढ्याशा फोनमध्येही दिसला. "चारू, आता विचारतो. येशीन का घरी? नाही म्हटलं तरी चालीन. मी तुह्या फोनवर बोलत जाईन तरी."

चारूने मान हलवली. "येईन, आप्पा. यायचंच होतं मला. दोन वर्षं यायचं होतं."

"मंग मी थांबतो इथं. मुराळी एकटा वापस जात नाही."

"तेवढे दिवस?" चारूने अमोलकडे पाहिलं, मग बापाकडे. "आणि बाग? कापणी आली ना?"

"भिकन बघीन."

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. वर्षा दवाखान्यात होती तेव्हासुद्धा गिरधर रोज संध्याकाळी एक चक्कर बागेत टाकून यायचा. 'भिकन बघीन' हे शब्द त्याच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकले नव्हते.

चारू रडता रडता हसली. बापाची रीत तिला माहीत होती. "आणि तोवर खाणार काय? दशम्या किती उरल्यात?"

"दोन."

"मग?"

गिरधर भिंतीला टेकून खाली बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू करशीन ते," तो म्हणाला. "आधी पाणी दे. घसा सुकला हाय."

चारू आत पळाली. तिचा धक्का लागून फोन आडवा झाला आणि मला नुसतं त्यांच्या घराचं पांढरं छत दिसायला लागलं. नळाचा आवाज आला. भांडं वाजलं. "ठेव आता फोन," हे हळूच म्हणाले. मी त्यांना हाताने गप्प केलं आणि पदर डोळ्यांना लावून त्या छताकडे बघत राहिले.

तिकडून गिरधरचा आवाज आला, "आणखी दे."